मधलं जहाज

"ह्याच्यावरून पाण्याला हात पुरंल का?" मायनं विचारलं.

ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातल्या माणसानं हातातला रंगीत कागद खाली ठेवला. त्या सोळा मजली जहाजाचं कौतुक तो मघापासून तोंडाला फेस येईस्तोवर करत होता. आत थिएटर, पोहायचे तलाव, दुकानं, एकावेळी निम्मं गाव जेवेल एवढी जेवणघरं. पण असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा.

"आजी, पाणी खूप खाली असतं. तुम्हाला कळणारसुद्धा नाही की आपण समुद्रावर आहोत."

"मंग जायचं कशाला?" माय म्हणाली.

मला मात्र त्याचं ते वाक्य फार आवडलं. समुद्रावर असून समुद्र कळणार नाही, असंच जहाज मला हवं होतं. खरं तर कुठलंच जहाज नको होतं. पण हे बँकेतून रिटायर झाले होते आणि जहाजाची सहल हे त्यांचं जुनं वेड होतं. आमचे हे म्हणजे दिगंबरराव, साधा फ्रिज घ्यायचा तर दहा दुकानं पालथी घालणार आणि तोवर उन्हाळा उलटून जाणार. आता जहाजाच्या मापावरून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. मोठं घेतलं तर हलत नाही, पण जत्रेत गेल्यासारखं होतं. लहान घेतलं तर माणसं ओळखीची होतात, पण लाट आली की पोटातलं बाहेर येतं. रोज जेवताना हेच पुराण.

"मोठंच घ्या," मी म्हणत होते. "इमारतीएवढं. खिडकीसुद्धा नसली तरी चालेल."

मला पाण्याची भीती आहे, आणि तिला कारण आहे. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी. आमच्याकडं तिला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगा म्हणतात. माझी थोरली बहीण सुभद्रा, आमची सुभी, धुणं धुवायला म्हणून गेली आणि डोहात गेली. मी तेव्हा एवढीशी होते आणि काठावर बसून खडे खेळत होते. गावातले पट्टीचे पोहणारे डोहात उतरले, खाली पार लांबपर्यंत शोध घेतला, पण सुभी सापडली नाही. बायका म्हणाल्या, साती आसरांनी नेली. आसरा म्हणजे डोहात राहणाऱ्या सात बहिणी, पाण्याच्या देवता. त्यांची ओटी भरावी लागते, नाहीतर त्या माणूस ओढतात, अशी आमच्याकडची समजूत. त्या दिवसानंतर आमच्या घरात सुभीचं नाव कुणी काढलं नाही, आणि मी बादलीतल्या पाण्याखेरीज कुठल्या पाण्यावर विश्वास ठेवला नाही.

माझे वडील, अण्णा, गेल्यावर माय नांदेडला आमच्याकडं राहायला आली. तिला मुलगा नाही, मी एकटीच. जावयाच्या घरी राहायचं म्हणून ती पाहुणीसारखी अंग चोरून वागायची. बोलणं मुळात कमी, ते आणखी कमी झालं. संध्याकाळी दिवा लावला की कधीकधी म्हणायची, "माझं आता एकच काम राह्यलंय. तेवढं झालं की सुटले."

"कसलं काम गं?"

"हाय एक."

अशा वयात असं बोलणारी माणसं एक दिवस अंथरुणातून उठत नाहीत, किंवा उठून भलतीकडंच जातात. म्हणूनच तिला एकटीला घरी ठेवून जायचं माझ्या जिवावर आलं आणि मी तिला बरोबर घ्यायचं ठरवलं. मला वाटलं होतं, ती नाहीच म्हणेल. ती लगेच तयार झाली. वर तिच्या अटी.

"जावईबापू, मुंबईकडून नको," ती यांना म्हणाली. "आपली गंगा जिकडं जाती तिकडच्या समुद्रात जाऊ."

"गंगा पूर्वेला जाते, मामी." आमच्याकडं जावई सासूला मामी म्हणतात. "म्हणजे चेन्नईहून बसायचं आणि वर विशाखापट्टणमला जायचं."

"मंग तसंच. आन् जहाज लहान बघा. पाण्याला हात पुरंल असं."

एक मोठं म्हणते, दुसरी लहान. आणि मधे आमचे हे, अडकित्त्यातल्या सुपारीसारखे. शेवटी त्या ऑफिसातल्या माणसानं तिसरा कागद काढला. मध्यम जहाज, सात-आठशे माणसांचं. खालच्या मजल्यावर चारी बाजूंनी फिरायला मोकळा डेक.

"तिथून पाणी किती खाली?" मायनं विचारलं.

"दोन मजले असेल, आजी."

माय बराच वेळ त्या चित्राकडं बघत राहिली. "आन् कठडा? किती उंच?"

"छातीपर्यंत येईल तुमच्या."

"चालंल," ती म्हणाली. "हात नाही पुरला तरी चालंल."

यांनी लगेच ते जहाज ठरवून टाकलं. सगळ्यांची सारखी नाराजी म्हणजे न्याय झाला, असं त्यांचं म्हणणं. मायचे ते प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटले, पण म्हातारं माणूस काय काय विचारतं म्हणून मी सोडून दिले.

चेन्नईहून संध्याकाळी जहाज निघालं. खोल्यांत सामान लावलं, मग सगळ्यांना गोळा करून जीवरक्षक जाकीट कसं घालायचं ते दाखवलं, भोंगा वाजला तर कुठं जमायचं ते सांगितलं. सांगणारा हसत हसत सांगत होता आणि मी जाकिटाचा पट्टा पुन्हा पुन्हा आवळत होते. जहाज फारसं हलत नव्हतं. पण पायाखालची जमीन कुणीतरी हळूच उचलतंय आणि ठेवतंय, असं सारखं वाटायचं. मी रात्रभर पलंगाची कड धरून झोपले. माय माझ्या शेजारच्या पलंगावर गाढ झोपली होती. हे पलीकडच्या खोलीत घोरत होते.

सकाळी आम्ही वरच्या मजल्यावर चहाला बसलो. लख्ख ऊन पडलं होतं, आणि नजर जाईल तिकडं पाणी. मी पाण्याकडं पाठ करून बसले. मायनं कापडी पिशवी काखेत धरली होती. ती जेवायलासुद्धा ती पिशवी घेऊन जायची, तेव्हा त्यात मला काही नवल वाटलं नाही. खोलीचं कार्ड मात्र तिनं घेतलं नव्हतं. "तुझ्यापाशीच ठेव, माझ्याकडून हरपंल," म्हणाली होती.

यांनी कप खाली ठेवला आणि डावीकडं हात केला. "मामी, दिसणार नाही, लांब आहे. पण तिकडंच कुठंतरी आपली गंगा समुद्राला मिळते."

"आत्ता?"

"आता, थोड्या वेळापूर्वी, थोड्या वेळानं. समुद्रात काय रेघ मारलेली असते? हे सगळं तिचंच पाणी म्हणा ना."

माय उठली. "मी जरा फिरून येते."

"एकटी? थांब, मी येते," मी म्हणाले. पण उठायला मला जिवावर आलं, कारण उठलं की समुद्राकडं तोंड होणार.

"जाऊ दे गं," हे म्हणाले. "जहाजावरून कुठं जाणार आहेत त्या?"

माझा दुसरा चहा अजून संपला नव्हता, तेवढ्यात भोंगा झाला. लांबलचक, छातीत घुमणारा. एक, दोन, तीन. मग जहाज एका अंगाला कललं, टेबलावरचे कप घसरत गेले, आणि लाउडस्पीकरवर कुणीतरी इंग्रजीत भराभर काही बोललं. लोक उठून कठड्याकडं धावले.

"औरत गिरी! औरत गिर गयी पानी में!" एक बाई खालून ओरडत होती. "हरी साडीवाली!"

'हरी साडी' ऐकलं आणि मी श्वास सोडला. माय नव्हती. अण्णा गेल्यापासून मायनं हिरवा रंग अंगाला लावला नव्हता. राखाडी, पांढरं, फार तर फिकट जांभळं. दुसऱ्या कुणाचं तरी मरण ऐकून मला बरं वाटलं, आणि तेवढ्या घाईतही त्याची लाज वाटली.

"मायला बघते," मी यांना म्हणाले. "गडबडीत घाबरली असेल."

दोघं जिने उतरून खालच्या डेकवर आलो. एका जागी गर्दी जमली होती. गणवेशातल्या दोन माणसांनी मधे थोडी जागा मोकळी ठेवली होती. त्या मोकळ्या जागेत, कठड्याला लागून, दोन चपला होत्या. नीट, जोडीनं, टाचा एका रेघेत. डाव्या चपलेचा अंगठा निळ्या दोऱ्यानं शिवलेला. तो नांदेडच्या चौकातल्या चांभाराकडून मीच शिवून आणला होता.

"आमच्या मामीच्या चपला," हे म्हणाले. त्यांचा आवाज कुणा दुसऱ्याचा वाटला.

आणि मग मला ते हिरवं लुगडं आठवलं. निघायच्या आधी माय माझ्याबरोबर बाजारात आली होती आणि स्वतःच्या हातानं निवडून तिनं हिरवं इरकल घेतलं होतं, लाल काठांचं, नऊवारी. "कुणाला गं?" म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "द्यायचंय एकीला." ती स्वतःसाठीच घेत होती. सवाष्णीसारखी हिरवं नेसून अण्णांकडं जायचं होतं तिला. कठडा किती उंच, पाणी किती खाली, हात पुरंल का. मी तिच्या प्रश्नांवर मनात हसले होते आणि ती आपल्या मरणाचं माप घेत होती.

मी पाण्याकडं बघितलं. बघावंच लागलं. जहाजानं अर्धं वळण घेतलं होतं. लांब पाण्यावर, जागा कळावी म्हणून जहाजावरून टाकलेलं, नारिंगी धूर सोडणारं काहीतरी तरंगत होतं, आणि त्याच्याही पलीकडं हिरवं काहीतरी पसरलं होतं. लाट आली की ते वर यायचं, फुगायचं, परत खाली जायचं. जहाजाच्या पोटातून एक छोटी बोट खाली सोडत होते. मी त्या चपलांपाशीच खाली बसले.

एक मल्याळी अधिकारी बाई माझ्याजवळ वाकली आणि हिंदीत विचारू लागली. नाव काय, वय काय, अंगावर काय होतं, आजारी होत्या का, दुःखात होत्या का. शेवटच्या प्रश्नाला मी मान हलवली. ती म्हणाली, आधी खोलीत बघू, आणि ओळखपत्र लागेल, चला माझ्याबरोबर. मला ते अजिबात करायचं नव्हतं. रिकामी खोली बघायची म्हणजे सगळं संपल्याचं कबूल करायचं. हे कठड्याला धरून त्या हिरव्या ठिपक्याकडं बघत उभेच होते, पापणीही न हलवता. त्यांना तिथंच सोडून मी त्या बाईच्या मागं निघाले.

आमच्या मजल्यावरचा बोळ लांबच लांब होता. दोन्ही बाजूंना एकसारखी दारं. बोळाच्या टोकाला, आमच्या खोलीच्या दारासमोर, फरशीवर कुणीतरी बसलं होतं. राखाडी लुगडं. अनवाणी पाय. दाराकडं तोंड, आमच्याकडं पाठ.

"माय!"

तिनं वळून बघितलं नाही.

"माय!" मी पळत सुटले. ती हललीसुद्धा नाही. माझ्या मनात काय काय आलं ते सांगायची सोय नाही. आमच्या गावच्या बायका सांगायच्या, पाण्यात गेलेलं माणूस आधी घरी येऊन बसतं, पण हाक मारली तर ओ देत नाही. मी तिच्याजवळ पोचले आणि हात लावायला भ्याले. स्वतःच्या आईला हात लावायला भ्याले.

मग तिनं, मागं न बघताच, दाराकडं खूण केली. उघड.

मी कार्ड लावलं. दार उघडलं, तशी माय भिंतीचा आधार घेऊन उठली, उजवा पाय आधी टाकून उंबरा ओलांडून आत गेली, टेबलावरचं पाण्याचं भांडं उचललं आणि घटाघटा प्याली. मग वळली.

"किती वेळ लावलास गं चंदे. कवाची बसले मी."

मी तिचे दोन्ही दंड धरून तिला गदागदा हलवलं. "हाक मारली तर ओ का देत नाहीस? का देत नाहीस ओ?"

"आसरांची ओटी भरून आल्यावर मागं बघायचं नस्तं. घरचं पाणी पिईस्तोवर बोलायचं नस्तं. इसरलीस होय?" मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "अगं, काय झालं? कोण गेलं?"

दारात उभी असलेली अधिकारी बाई एकदा माझ्याकडं बघत होती, एकदा मायकडं. मी कसंबसं तिला हिंदीत सांगितलं, हीच माझी आई. कुणी पडलेलं नाही. पाण्यात आहे ते नुसतं लुगडं आहे. ती लगेच कमरेच्या वायरलेसवर बोलायला लागली आणि बोलत बोलत बाहेर गेली. मी पलंगावर बसले.

"तू चपला तिथं कशाला काढल्यास?"

"ओटी भरताना पायात चपला ठिवायच्या? आन् मंग मागं वळून घ्यायच्या कशा?"

"आणि तो भोंगा? तो तुझ्यासाठी वाजला, माय! सगळं जहाज थांबलंय. तू पाण्यात पडलीस म्हणून बोट सोडलीय."

"भोंगा ऐकला की मी. म्हणलं, जहाज हाय, वाजणारच." ती माझ्याशेजारी बसली. जरा वेळानं तिला सगळं उमगलं असावं, कारण तिनं माझा गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "हातानं पाण्यात सोडायची होती. टाकायची नसती ओटी. म्हणून म्हणत होते, लहान जहाज घ्या. वरून सोडली, तर वाऱ्यानं लुगडं सुटलं."

"पण इथं कुठल्या आल्या आसरा? त्या आपल्या डोहात असतात. समुद्रात कशाला ओटी?"

मायनं काखेतली रिकामी पिशवी काढून मांडीवर तिची घडी घातली.

"डोहावर दरसाल भरतच आले की मी. तुझ्या अण्णांना चोरून. त्यांना नाव काढलेलं चालायचं नाही. पण पाणी काय जाग्यावर राहतंय? गंगा वाहती. डोहातलं समदं कधी ना कधी समुद्रालाच येत असंल. म्हणलं, सुभी एव्हाना इथं आली असंल."

तिच्या तोंडून सुभीचं नाव मी लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकलं.

"गेली तवा अंगावर परकर-पोलकं होतं," माय म्हणाली. "फुलाफुलाचं. तेवढ्यावरच गेली. आता पन्नाशी उलटली असंल तिची. तुझ्यासारखीच थोराड झाली असंल. तिला परकर कसा पुरंल गं? म्हणून नऊवारी घेतलं. नारळ बांधला, हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या. तेवढंच काम राह्यलं होतं माझं."

तिला जगायचा कंटाळा आलाय असं मी धरून चालले होते, आणि ती आपल्या मोठ्या झालेल्या लेकीला लुगडं न्यायला जहाजाचं माप बघत होती.

जहाज पुन्हा सरळ झालं. हे धापा टाकत खोलीत आले, मायला बघितलं आणि दाराला टेकून उभे राहिले. सासूसमोर कधी डोळे न पुसलेला माणूस, त्यानं सदऱ्याच्या बाहीला तोंड पुसलं. मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "जावईबापू, लई तरास दिला तुमाला," एवढंच म्हणाली.

मग दारावर टकटक झाली. तीच अधिकारी बाई होती. तिच्यामागं एक खलाशी, केसांपासून पायापर्यंत भिजलेला, आणि त्याच्या दोन्ही हातांवर ते हिरवं लुगडं. बोटीवरच्या लोकांनी ते पाण्यातून ओढून काढलं होतं. त्यांना वाटलं, आजींची वस्तू आजींना परत मिळावी. तो खलाशी फार आनंदात होता. माणूस मेलेलं नव्हतं, आणि वस्तूही वाया गेली नव्हती. त्यानं ते लुगडं दोन्ही हातांनी मायपुढं धरलं.

आसरांची ओटी परत आली म्हणजे त्यांनी नाकारली. आता माय काय करेल, या भीतीनं मी उठून उभी राहिले. मघाशी ती गेली असं समजून भ्याले होते, त्यापेक्षा जास्त भ्याले, कारण आता ती माझ्यासमोर होती आणि मला दिसत होती.

मायनं लुगडं घेतलं, मांडीवर ठेवलं. पाण्याचे ओघळ फरशीवर आले. तिनं आधी एक पदर चाचपला, मग दुसरा. मग सगळं लुगडं हातभर हातभर करत पुढं ओढत तपासलं. नारळ नव्हता. बांगड्या नव्हत्या. गाठ मारली होती तिथं नुसत्या चुण्या राहिल्या होत्या.

"गाठ मी ओली करून मारली होती," ती म्हणाली. "तशी गाठ आपसूक सुटत नस्ती."

"वाऱ्यानं सुटली असेल, माय. तूच म्हणालीस ना."

"लुगडं सुटलं वाऱ्यानं. गाठ नाही." ती त्या चुण्यांवरून अंगठा फिरवत राहिली. खलाशी अजून हसतच उभा होता. अधिकारी बाईला काही कळत नव्हतं, पण तिनं त्याला हळूच मागं ओढलं. "बांगड्या ठिवून घेतल्या तिनं. लुगडं नको म्हणली."

मी तिच्याजवळ खाली बसले. मायनं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मला वाटली होती ती भीती नव्हती. काहीतरी फार जुनं, आपण उगीचच चुकीचं समजत होतो ते आत्ता कळावं, तसं ती बघत होती.

"चंदे," ती म्हणाली, "पोरगीच हाय की गं आजून ती."

आणि अण्णांच्या तिरडीपाशीसुद्धा न रडलेली माझी माय ते ओलं लुगडं पोटाशी धरून मोठ्यानं रडायला लागली.